आधी माणसं सांगायची

आमच्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि पावसाळा जवळ आला की पलंगाच्या पायांखाली विटा लावायच्या. हे संभाजीनगरात, जिथे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. मे संपता संपता बाईंच्या घरातली जमीन मोकळी व्हायची. पिठाचे डबे फळीवर जायचे, फळीवरची पुस्तकं माळ्यावर, आणि माळ्यावरची जादा अंथरुणं छताच्या हुकांना दोरीने टांगलेली असायची. खाली उरायचे फक्त पाण्याचे ड्रम, कारण नळाची पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसायचा. वर पुराची तयारी आणि खाली टंचाईची, अशा घरात मी पाच वर्षं काढली.

शेजारचे लोक हसायचे. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी न चुकता म्हणायचे की बाई, तुमच्या घरात पाणी शिरेल तेव्हा आमचं डोकं बुडून वर चार हात पाणी असेल. बाई शांतपणे उत्तर द्यायच्या, "मग तुम्ही वेळेवर वर या. चहा ठेवते."

बाई मूळच्या महाडच्या. सुकट गल्लीच्या मागे त्यांचं घर होतं. सावित्री भरली आणि त्यात समुद्राची भरती आली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे बाजारात शिरतं, हे महाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईंनी आयुष्यभर संभाजीनगरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं, पण महाडचं पाणी त्यांच्या डोक्यातून उतरलं नाही. तिथून समुद्र किती दूर. तरी बाई सकाळी चहा पिताना बोटांवर तिथी मोजून भरतीची वेळ काढायच्या आणि म्हणायच्या, "आज दुपारी भरती हाय. तोवर पाऊस थांबला पाहिजे." बाहेर बघावं तर रखरखीत ऊन. मग त्या महाडला पुतण्याला फोन लावायच्या. पुतण्याचं बाजारपेठेत औषधांचं दुकान. त्याच्याकडून गांधारी नदी कुठवर आली, दस्तुरी नाक्यावर गाड्या चालू आहेत का, एवढं कळलं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी एक खोली मुलींना राहायला दिली, आणि तीही फक्त महाड-पोलादपूर-खेडकडून विद्यापीठात शिकायला आलेल्यांना. जात विचारायच्या नाहीत, मार्क विचारायच्या नाहीत. पण खोली मिळण्याआधी एक विधी असायचा, आणि तो मुलीला नाही, तिला सोडायला आलेल्या बापाला पार पाडावा लागायचा.

माझे बाबा महाडच्या एमआयडीसीत कामाला. आमचं घर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या बौद्धवाडीत. वाडीतून एवढ्या लांब शिकायला निघालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. दोन गाड्या बदलून, अंग आंबून आम्ही पोचलो. बाईंनी दार उघडलं, जय भीम केला, पाणी दिलं, आणि बाबांना उंबऱ्यातच थांबवलं. घरी काही वाईट झालं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर मुलीला त्याच दिवशी सांगायचं. परीक्षा आहे, अभ्यास आहे, पोर घाबरेल, यातलं एकही कारण चालायचं नाही. कबूल असेल तर आत या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "सांगू की," ते म्हणाले. बाईंना तेवढं पुरलं नाही. त्यांनी ते पूर्ण वाक्यात वदवून घेतलं. जिना उतरताना बाबा हळूच मला म्हणाले की बाई डोक्यानं जरा सरकलेल्या हायत, पण घर स्वच्छ हाय.

पहिले दोन महिने मी रोज घरी परतायचा विचार करत होते. त्या शहरात माझे ओठ फुटायचे, कोरड्या हवेने नाकातून रक्त यायचं. ज्वारीची भाकरी मला थापता यायची नाही आणि तांदळाची भाकरी तिथे कुणी खायचं नाही. पण सगळ्यात जड गेलं ते सपाट आभाळ. आमच्याकडे कुठेही उभं राहिलं तरी पाठीशी डोंगर असतो. इथे वळून बघितलं की नुसता रस्ता. वर्गात तास इंग्रजीत चालायचा, आणि मी बोलायला तोंड उघडलं की माझ्या 'नाय'वर मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. म्हणून मी तोंड उघडायचंच बंद केलं.

बाईंच्या घरात मात्र गप्प बसायची सोय नव्हती. रात्रीचं ताट वाढलं की त्या विचारायच्या, आज वाईट काय झालं ते आधी. खेडची एक मुलगी माझ्यासोबत होती, ती बिनधास्त सांगायची. चप्पल तुटली, सरांनी हाकललं, मैत्रिणीशी भांडण झालं. मी रोज 'काय नाय' म्हणायचे. असं बरेच दिवस चाललं. मग एका जेवणात बाईंनी माझ्या ताटात भात वाढायचा थांबवला आणि डाव हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं. म्हटलं, वर्गातलं मला एक अक्षर कळत नाय, सगळ्यांना कळतं, मला परत जायचंय.

बाईंनी भात वाढला. म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतेस? ज्याला सांगायचं त्याला उद्या सांग. पहिल्या बाकावर बस आणि म्हण, कळलं नाय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. अर्ध्या तासाने उभी राहिले आणि म्हणाले, सर, कळलं नाय. मागे खुसखुस झालीच. सरांनी खडू ठेवला आणि तो सगळा भाग पुन्हा मराठीत समजावला. तास संपल्यावर जिंतूरकडची दोन मुलं आणि परभणीची एक मुलगी माझ्याजवळ आली. त्यांनाही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही चौघं ग्रंथालयात एकत्र बसायला लागलो आणि शहर जरा सुसह्य झालं. परतायचा विचार मी नंतरही करायचे, पण तो रोजचा राहिला नाही.

बाईंची आणखी एक तऱ्हा होती, ती मी इथे सांगितलीच पाहिजे. बातमी कशी द्यायची याची त्यांची रीत ठरलेली होती. बातमी बसून द्यायची नाही, उभ्याने द्यायची. 'घाबरू नको हं', 'आधी पाणी पी' असलं काही म्हणायचं नाही, कारण त्यानेच माणूस अर्धा मरतो. आधी माणसं सांगायची, मग वस्तू. माणसं शाबूत असतील तर पहिलं वाक्य तेच. नसतील तर जो गेला त्याचं नाव पहिलं. महाडच्या पुरात म्हणे असंच सांगतात. गळ्याइतक्या पाण्यातून आलेला माणूस लांबूनच ओरडतो, माणसं हायत, आणि मग जवळ येऊन दुकान गेल्याचं सांगतो. बाईंनी ती रीत उचलून संभाजीनगरात आणली होती. शाळेतही त्या नापास मुलांच्या घरी स्वतः जायच्या आणि दारात म्हणायच्या, पोरगं ठीक आहे, पेपर गेला. लोकांना ते विचित्र वाटायचं.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा मेळा लोटतो, त्या दिवशी बाई पांढरी साडी नेसून महाडला जायच्या. एवढी एकच वारी त्या वर्षभरात करायच्या. परत आल्या की गप्प असायच्या. महाडात राहायचं नाही आणि महाडवाचून करमायचं नाही, असं त्यांचं काहीतरी होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या परीक्षा लांबत लांबत ऐन पावसाळ्यात आल्या. संभाजीनगरात भुरभुर होती, पण कोकणात पावसाने कहर मांडला होता. दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. मला त्याचं विशेष वाटलं नाही, कारण आमच्याकडे पावसात टॉवर झोपतातच. परवा पेपर होता. मी विटांवर चढवलेल्या पलंगावर पाय वर घेऊन पाठांतर करत होते. बाहेरच्या खोलीत बाई फोनवर बोलत होत्या, पण त्या रोजच बोलायच्या, म्हणून मी कान दिला नाही.

त्या फोनवर काय झालं ते मला बाबांनी पुढे कधीतरी सांगितलं. पुतण्याच्या दुकानात दरडीची बातमी आली होती. वाडीचं नाव ऐकून त्याने तिथल्या एका गुरुजींच्या फोनवर बाबांना गाठलं आणि बाईंशी जोडून दिलं. बाबा बाईंना म्हणाले, पोरीचा परवा पेपर हाय, तेवढा होऊ द्या, मग मी स्वतः सांगतो, तुमच्या पाया पडतो. बाईंनी त्यांना दारातल्या शब्दाची आठवण दिली.

"तेव्हा घर उभं होतं, बाई," बाबा म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला आणि त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत होत्या, एवढं मला आठवतं.

"माणसं सगळी हायत," त्या म्हणाल्या. "आई, बाबा, भाऊ, तिघंही शाळेत हायत. घर नाय. दरड आली. गोठा गेला, म्हैस गेली."

माझ्या हातात पेन होतं आणि मी ते सोडत नव्हते. मी विचारलं, मग आता काय करू? बाई पुढे आल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. म्हणाल्या, "ते मी नाय सांगायचं. पुण्यावरून ताम्हिणीची वाट चालू हाय, गाडी संध्याकाळी हाय. जायचं तर मी सोबत येते. राहायचं तर जेवायला वाढते. तू ठरव." आणि त्यांनी पुतण्याने दिलेला नंबर लावून फोन माझ्या हातात ठेवला. तो शाळेतल्या गुरुजींचा होता. गुरुजींनी आईला बोलावलं.

आईचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. म्हणाली, इथं सगळं बरं हाय, पाऊस हाय जरा, तू पेपर नीट लिही. मी म्हटलं, आई, घर गेलंय ते मला कळलंय.

मग आई रडायला लागली. तशी रडताना मी तिला कधी ऐकली नव्हती. मीही रडले. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. वाडीवरच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं म्हणून बाबांनी घराघरात जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं. म्हैस सोडायला भाऊ परत जात होता, त्याला दोघांनी धरून ठेवलं. मग आवाज आला, आणि सकाळी बघितलं तर आमच्या अंगणातला फणस खाली नदीकाठी उभाच्या उभा होता. ती सांगत होती आणि मी विचारत होते, चुलीवरचं पातेलं, भिंतीवरचा फोटो, एकेक. काहीच उरलं नव्हतं. शेवटी तिचा आवाज खाली आला.

"दोन दिवस तुझ्याशी काय बोलू, तेच कळत नव्हतं," ती म्हणाली. "फोन लागत नाय असं सांगायचं ठरवलं होतं आम्ही. आता बरं वाटतंय गो."

मी राहिले. ते शौर्य नव्हतं. आईशी पोटभर बोलून झाल्यावर मला जरा बसता आलं, म्हणून मी बसले आणि पेपर दिला. तो कसा गेला हे कुणी विचारू नये. पास झाले. पेपर संपल्यावर बाहेर आले तर विद्यापीठाच्या फाटकापाशी बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत आईसाठी दोन साड्या, भावासाठी कपडे आणि एक मोठी ताडपत्री. तिथूनच आम्ही गाडी धरली.

ताम्हिणी घाट उतरताना धबधबे रस्त्यावर पडत होते आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. न विचारता त्या बोलायला लागल्या, आणि बोलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

त्या विद्यापीठात नव्या आल्या होत्या तेव्हा महाडला मोठा पूर आला. घर गळ्याइतकं भरलं. पुरानंतर तापाची साथ आली आणि त्यात त्यांची आई गेली. वडिलांनी ठरवलं की पोरीला दिवाळीत सांगायचं, परीक्षा होऊ दे. सगळ्या नातेवाइकांना बजावलं. बाई आईला पत्रं लिहायच्या आणि वडील उत्तरात लिहायचे की आई बरी आहे.

"त्या सहामाहीत मी पहिली आले गो," बाई म्हणाल्या. "आई जाऊन दोन महिने झालेले, आणि मी तिला लिहीत होते, इथं आमटीत मीठ जास्त घालतात."

मी विचारलं, वडिलांवर राग होता का. त्या म्हणाल्या, राग कशाचा, त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. पण ते दोन महिने ते एकटे रडले आणि मी नंतर एकटी रडले. दोघांनी मिळून रडायचं राहूनच गेलं. ते परत जमलं नाय. एवढं बोलून त्यांनी पिशवीतून चिवडा काढला आणि मला दिला.

बाबांनी बाईंना माफ केलं नाही. शाळेच्या वर्गात आमच्या वाडीची कुटुंबं राहत होती. तिथे बाई दिवसभर आईसोबत बसून होत्या, पण बाबा बाहेरच्या ओट्यावरून आत आले नाहीत. माझे मार्क घसरले ते त्या बाईमुळे, असं ते आजही म्हणतात. मात्र पुढे नवे तांदूळ निघायला लागले तसे ते दरवर्षी थोडे एका डब्यात वेगळे भरून ठेवायचे आणि मला म्हणायचे, हे घेऊन जा तिकडं. कुणासाठी ते त्यांनी कधी उच्चारलं नाही. बाईही डबा रिकामा करून परत द्यायच्या, निरोप द्यायच्या नाहीत. दोन अडेलतट्टू माणसांमध्ये मी तांदूळ वाहून नेला.

शिक्षण झाल्यावर मला महाडलाच कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. काही वर्षांनी बाईंना जेवण जाईना. वजन उतरलं, पोटात दुखायला लागलं. पुतण्याने जाऊन त्यांना महाडला आणलं आणि आपल्या घरी वरच्या खोलीत ठेवलं. मुंबईला तपासण्या झाल्या. मी भेटायला गेले तेव्हा पुतण्याने मला खाली दुकानातच थांबवलं. पन्नाशीचा माणूस, पण औषधांच्या खोक्यांमागे उभा राहून तो शाळकरी पोरासारखा दिसत होता. त्याने सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे, डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात. आत्याला अल्सर सांगितलाय. तिला कळलं तर ती उद्याच हाय खाईल, तेव्हा तुम्ही काही बोलू नका. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तशीच जिना चढून वर गेले.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. फार लहान झाल्या होत्या. बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, माझ्या वर्गातल्या पोरांची केली. मग म्हणाल्या, "हा अल्सर म्हणतो. तुला काय सांगितलान?"

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्यांनी ते बघितलं आणि हातातली पाण्याची वाटी बाजूला ठेवली. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं, पण मला ते बोलावंच लागणार होतं. आधी माणसं सांगायची म्हणजे आता काय सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई, अल्सर नाय," मी म्हटलं. "गाठ हाय. पसरलीय. दिवाळीपर्यंत म्हणतात."

बाई खिडकीतून खाली गल्लीकडे बघत राहिल्या. मला वाटलं मी पुतण्याचं घर मोडलं आणि बाईंनाही मोडलं. बाबा बाईंना जो दोष द्यायचे तोच मी स्वतःला देत होते. मग बाई म्हणाल्या, "त्याला वर बोलव."

पुतण्या आला, दारातच थबकला आणि माझ्या तोंडाकडे बघून सगळं समजला. रागाने तो मला काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात बाईंनी त्याला हात केला.

"किती दिवस एकट्यानं बाळगलंस रे हे?"

तो पलंगाच्या कडेला बसला, आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. बाई त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोघंही आवरत नव्हते. दुपार कलायला आली होती. ती त्यांची औषध घेऊन झोपायची वेळ, म्हणून मी खिडकीचा पडदा ओढायला गेले.

"राहू दे गो," बाई म्हणाल्या. "आज दुपारची झोपत नाय मी."